लिबरल भूमिका आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार: एका पानात कसं मांडायचं?

हडसनकाठ

अमेरिकेत २०२८ च्या प्रायमरीचे (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे) पडघम वाजायला लागलेत. आमच्या मंडळींत पक्के रिपब्लिकन आहेत, 'दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी' म्हणणारे आहेत आणि माझ्यासारखे उघड लिबरलही आहेत. व्हॉट्सॲपवरच्या हमरीतुमरीला कंटाळून असं ठरलंय की ज्याने त्याने एक पानभर लिहायचं: आपली भूमिका काय आणि त्यातून उमेदवार कसा निवडणार. उमेदवारांची यादी अजून पक्की नाही, त्यामुळे नावापेक्षा निवडीची रीत महत्त्वाची.

माझे मुद्दे ढोबळमानाने असे: आरोग्यविमा सगळ्यांना मिळावा, गर्भपाताचा निर्णय त्या बाईचा असावा, हवामान बदलावर सरकारने हातपाय हलवावेत, वरच्या उत्पन्नावर जास्त कर, किमान वेतनात वाढ, आणि ग्रीन कार्डची रखडलेली रांग पुढे सरकावी. अडचण ही की डेमोक्रॅटिक प्रायमरीतले जवळपास सगळेच हे म्हणतात. मग त्यांच्यात डावं-उजवं कसं करायचं? आणि रिपब्लिकन मित्राला निदान 'याने विचार केलाय' एवढं तरी वाटावं, असं कसं लिहायचं?

मी न्यू जर्सीत राहतो, सिटिझन आहे, मतदार नोंदणी आहे पण कुठल्याच पक्षात नाव नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं. कृपया धाग्याचा आखाडा करू नये.

कलमदोन

तुमची यादी मूल्यांची आहे. ती ठीकच, पण राष्ट्राध्यक्ष निवडायला ती एकटी पुरत नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे एक प्रश्न लिहा: हे घडायला कोणाची सही आणि किती मतं लागतात? उत्तर चारांपैकी एक येईल. एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीने होणारं. सेनेटमध्ये साध्या बहुमताने, म्हणजे बजेट रिकन्सिलिएशनच्या (जमाखर्चाच्या विधेयकांसाठीच्या खास) वाटेने होणारं. फिलिबस्टरमुळे (चर्चा लांबवून विधेयक अडवायच्या मुभेमुळे) सेनेटच्या शंभरपैकी ६० मतं लागणारं. आणि कोर्टात ठरणारं.

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे इन्सुलिन. ऑगस्ट २०२२ मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट रिकन्सिलिएशनने आला. त्यात महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा दोन गटांसाठी होती: मेडिकेअरवाल्यांसाठी (हा मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) आणि खासगी विमा असलेल्यांसाठी. रिकन्सिलिएशनमध्ये बर्ड रूल लागतो, म्हणजे ज्याचा सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध आहे तेवढंच ठेवता येतं. मेडिकेअर सरकारचा खर्च, म्हणून ती मर्यादा टिकली. खासगी विम्याची मर्यादा सेनेटच्या पार्लमेंटेरियनने (नियमांचा अर्थ लावणाऱ्या अधिकाऱ्याने) नियमाबाहेर ठरवली. ती वाचवायला ६० मतं हवी होती, ७ रिपब्लिकन धरून ५७ पडली, आणि ती गळली. उरलेलं विधेयक ५१-५० ने, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने पास झालं. एकच औषध, एकच रक्कम, एकाच दिवशी एका गटाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही. कारण राष्ट्राध्यक्षाची इच्छा कमी पडली हे नव्हतं.

आता तुमचे मुद्दे या चाळणीतून काढू.

आरोग्यविमा. मेडिकेअर फॉर ऑल, म्हणजे सगळ्यांना सरकारी विमा, हे ६० मतांचं काम आहे, निदान आजच्या नियमांत. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातून (ओबामाकेअर) सरकारी विम्याचा पर्याय, म्हणजे पब्लिक ऑप्शन, गेला तो ६०वं मत मिळेना म्हणून. उलट औषधांच्या किमतींवर मेडिकेअरने वाटाघाटी करणं, विम्याच्या हप्त्याला सबसिडी देणं हे रिकन्सिलिएशनमध्ये बसतं. मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याची, वाढीव व्याप्ती राज्यांवर आहे. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ऐच्छिक ठरवली आणि टेक्सस, फ्लोरिडासारख्या राज्यांनी ती घेतलेलीच नाही. म्हणून उमेदवाराला विचारायचा प्रश्न 'मेडिकेअर फॉर ऑलला पाठिंबा आहे का' हा नसून '५० सेनेटर असतील तर पहिल्या वर्षी काय आणाल' हा आहे. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याच्या वेबसाइटवरचा आराखडा कितीही देखणा असो, मी त्याला कमी गुण देईन.

गर्भपात. सुप्रीम कोर्टाच्या २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालाने विषय राज्यांकडे गेला. केंद्रीय कायद्याचा प्रयत्न मे २०२२ मध्ये सेनेटमध्ये ४९-५१ ने पडला, म्हणजे ६० तर दूरच. राष्ट्राध्यक्षाच्या हातात काय उरतं? मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीबाबत एफडीएचे (औषध नियामकाचे) नियम, न्यायखात्याची भूमिका, देशव्यापी बंदी आलीच तर व्हेटो, आणि न्यायाधीश. शेवटची बाब सगळ्यात मोठी. २०१७ पासून सुप्रीम कोर्टाची नेमणूकही साध्या बहुमताने होते, आणि तहहयात टिकते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत २३४ आणि बायडन यांच्या कारकिर्दीत २३५ केंद्रीय न्यायाधीश नेमले गेले. चार वर्षांतला हा वारसा पुढची तीस वर्षं पुरतो. पानभर लिहिताना या एका मुद्द्याला चार ओळी द्या.

हवामान. पॅरिस हवामान करार सहीने होतो आणि सहीनेच जातो: २०१६ मध्ये आत, नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर, फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा आत, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. हवामानासाठीच्या करसवलती कायद्याने आल्या म्हणून जास्त टिकतील असं वाटलं होतं, पण रिकन्सिलिएशनने आलेलं रिकन्सिलिएशननेच काढता येतं. इलेक्ट्रिक गाडीची सवलत २०२५ च्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ ला संपली.

किमान वेतन. २००९ पासून केंद्रीय दर ७.२५ डॉलर आहे. २०२१ मध्ये १५ डॉलरची तरतूद बर्ड रूलवरच अडली. सहीने एवढंच झालं की सरकारी कंत्राटदारांच्या कामगारांना १५ डॉलर मिळाले, आणि तो आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला.

ग्रीन कार्डची रांग. आपल्या लोकांचा यात हमखास गोंधळ होतो. एका देशाच्या लोकांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे. ती कुठलाही राष्ट्राध्यक्ष सहीने उठवू शकत नाही. २०१९ मध्ये ती काढायचं विधेयक हाउसमध्ये (कनिष्ठ सभागृहात) ३६५-६५ ने पास झालं, नंतर सेनेटनेही वेगळ्या रूपात मंजूर केलं, पण दोन मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपली. याउलट एच-४ वाल्यांचा (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदारांचा) कामाचा परवाना २०१५ च्या नियमातून आला. नियम प्रशासन करतं आणि प्रशासनच बदलू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर लादलेलं १ लाख डॉलरचं शुल्कही घोषणापत्राने आलं. तेव्हा 'रांग संपवतो' म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा 'एच-४ चा नियम राखतो, आणि ७ टक्क्यांसाठी सेनेटमध्ये अमुक जण सोबत आहेत' म्हणणारा जास्त विश्वासाचा.

बोलणं आणि करणं यांतलं अंतर मोजायचं तर उमेदवाराचं आधीचं पद बघा. गव्हर्नर असेल तर व्हेटो केलेली विधेयकं आणि बजेट. भाषणापेक्षा व्हेटोचं पत्र जास्त सांगतं. सेनेटर असेल तर रोल कॉल (कोणी कसं मत दिलं त्याची नोंद), पण सांभाळून. बहुमताचा नेता कधीकधी स्वतःच्याच विधेयकावर शेवटच्या क्षणी 'नाही' मत देतो, कारण हरणाऱ्या क्लोचर (चर्चा संपवण्याच्या) मतदानात 'नाही' बाजूला असलेल्यालाच ते पुन्हा मतदानाला आणता येतं. हे न कळल्याने 'बघा, विरोधात मत दिलं' अशा पोस्ट फिरतात. सहपुरस्कर्ता म्हणून नाव असणं तर आणखी स्वस्त. सेनेटर सँडर्स यांच्या २०१७ च्या मेडिकेअर फॉर ऑल विधेयकावर १६ सहपुरस्कर्ते होते, हॅरिस त्यात होत्या. २०१९ मध्ये प्रचारात त्यांनी खासगी कंपन्यांना जागा ठेवणारा आणि दहा वर्षांत अंमलात येणारा वेगळा आराखडा मांडला. यात लबाडी असेलच असं नाही. पण सहीवरून ठाम मत धरलं तर फसगत होते.

उजवीकडचा

मी बहुतेक तुमच्या विरुद्ध मत देणार. तरी कलमदोन यांचं पटलं, आणि 'रिपब्लिकन मित्राला काय वाचायला आवडेल' याचं उत्तर मीच देऊ शकतो.

पहिलं: कराबद्दल लिहाल तर आकडा लिहा. 'श्रीमंतांनी वाटा उचलावा' हे वाक्य वाचून आम्ही पान उलटतो. खूप जणांना अजून वाटतं की वरच्या टप्प्यात गेलं की सगळ्या उत्पन्नाला तो दर लागतो. २०२५ च्या दरांनी एकट्या व्यक्तीला २४ टक्के १,०३,३५० डॉलरच्या वर लागतात. करपात्र उत्पन्न १,१०,००० असेल तर २४ टक्के फक्त वरच्या ६,६५० डॉलरना. २२ च्या जागी २४ झाल्याने वर्षाला १३३ डॉलर जास्त. हे दाखवलंत की निम्मी भीती जाते, आणि मग खऱ्या वादाला येता येतं. तो असा: पगारावरचा वरचा दर ३७ टक्के, दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २०, अधिक ३.८ टक्के गुंतवणूक कर. हा फरक असावा की नसावा? मी म्हणतो असावा, गुंतवलेला पैसा एकदा कर भरून आलेला असतो. तुम्ही म्हणाल नसावा. हा वाद करण्याजोगा आहे.

सोशल सिक्युरिटीचं (सरकारी पेन्शन योजनेचं) उदाहरण तुमच्या बाजूने जास्त चालेल. २०२५ मध्ये ६.२ टक्के कपात १,७६,१०० डॉलरपर्यंतच्या पगारावर होती. तेवढा पगार असलेला कर्मचारी आणि वर्षाला एक कोटी डॉलर पगार घेणारा, दोघांच्या पगारातून सारखेच १०,९१८ डॉलर गेले. इथे माझ्याकडेही पटकन उत्तर नसतं. (आहे ते असं की पेन्शनलाही तशीच कमाल मर्यादा आहे. पण ते सांगायला वेळ लागतो.)

दुसरं: आरोग्यविम्याचा खर्च लपवू नका. 'सरकार देईल' म्हटलं की आमचा पुढचा प्रश्न 'कोणाच्या खिशातून' हाच असतो. केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेच्या २०२४ च्या सर्वेक्षणात नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता, त्यात कर्मचाऱ्याचा वाटा ६,२९६. बाकीचे १९ हजारांहून जास्त कंपनी भरते, आणि बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात की ते शेवटी पगारातूनच जातात. प्रत्येकाने आपल्या डब्ल्यू-टूवर (कंपनी दरवर्षी देते त्या पगार-कराच्या पत्रकावर) १२ नंबरची चौकट बघावी, डीडी या खुणेपुढचा आकडा. तो कंपनी आणि तुम्ही मिळून भरलेला पूर्ण हप्ता असतो. 'कर एवढा वाढेल, डीडीचा आकडा एवढा घटेल' अशी तुलना मांडणारा लिबरल मला क्वचित भेटतो.

तिसरं, आणि इथे तुमची मंडळी हटकून पडतात: अधिकाराचा निकष दोन्हीकडे सारखा लावा. बायडन यांनी २००३ च्या हिरोज ॲक्टचा आधार घेऊन विद्यार्थी कर्जमाफी जाहीर केली, ती सुप्रीम कोर्टाने ३० जून २०२३ ला ६-३ ने रद्द केली. ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये आणीबाणी जाहीर करून सीमेवरच्या भिंतीकडे पैसा वळवला. एक बरोबर आणि दुसरी हुकूमशाही असं लिहिणार असाल तर फरक कायद्याच्या शब्दांत दाखवा. नसेल दाखवता येत तर दोन्हींवर टीका करा. त्याने तुमचं पान पडत नाही, वजन वाढतं.

शेवटचं, गाठोडं अख्खं उचलायची सक्ती नाही. कॉलेज प्रवेशातल्या वंशाधारित प्राधान्याबद्दल भारतीय घरांत लिबरल लोकांतच दोन तट आहेत. ते प्राधान्य बाद करणाऱ्या २९ जून २०२३ च्या हार्वर्ड खटल्याच्या निकालाशी तुम्ही सहमत असाल तर तसं लिहा.

अण्णा_आकडे

वर धोरण झालं, आता यंत्रणा. उमेदवार ठरवला तरी मत वाया कसं जातं ते माहीत हवं.

डेमोक्रॅटिक प्रायमरीत डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटतात, पण १५ टक्क्यांचा उंबरठा आहे. तो दोनदा लागतो: एकदा राज्यभराच्या वाट्याला आणि एकदा प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या (बहुतेक राज्यांत काँग्रेशनल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे हाउसच्या मतदारसंघाच्या) वाट्याला. १४.९ टक्क्यांना त्या वाट्यातून शून्य. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात वॉरन यांना १३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. राज्यभराच्या वाट्यातून काही नाही, थोड्या डिस्ट्रिक्टमध्ये १५ ओलांडले तिथलेच डेलिगेट मिळाले. २०२४ मध्ये मिशिगनला गाझाच्या प्रश्नावर 'अनकमिटेड'ची (कुठल्याच उमेदवाराला नाही, या पर्यायाची) मोहीम झाली. लाखाच्या वर मतं, साधारण १३ टक्के, आणि दोन डेलिगेट. तेही डिस्ट्रिक्टमधूनच. म्हणून राज्याच्या सरासरीपेक्षा तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कोण १५ च्या आसपास आहे ते बघा. ४० टक्क्यांवर असलेल्याला तुमचं मत फारसं हलवत नाही, १५ च्या काठावरच्याला हलवतं.

दुसरी गळती टपाली मतांची. कॅलिफोर्नियात मतपत्रिका निवडणुकीच्या २९ दिवस आधी निघतात. २०२० ची सुपर ट्यूसडे (कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांच्या प्रायमरीचा दिवस) ३ मार्चला होती. उमेदवार बुटिजेज १ मार्चला शर्यतीतून बाहेर पडले, क्लोबशार २ मार्चला. ज्यांनी फेब्रुवारीतच लिफाफा टाकला होता त्यांची मतं गेली, कारण टाकलेली मतपत्रिका परत मागता येत नाही. सार्वत्रिक निवडणुकीत लवकर मत द्या, बिनधास्त. प्रायमरीत मात्र टपालाला लागणारा वेळ धरून जितकं थांबता येईल तितकं थांबा, किंवा शेवटच्या दिवसांत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. यावर खरा उपाय पसंतीक्रमाचं मतदान. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटिक पक्षांनी ते प्रायमरीत वापरलं होतं. पहिला उमेदवार उंबरठ्याखाली गेला की मत दुसऱ्या पसंतीला जायचं.

न्यू जर्सी. पक्षात नाव नसलेल्याला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष जाहीर करून मत देता येतं. तिथपासून तुम्ही त्या पक्षाचे नोंदलेले मतदार होता. पुन्हा बाहेर पडायचं तर फॉर्म भरावा लागतो. आधीच दुसऱ्या पक्षात नाव असेल तर मात्र ५५ दिवस आधी बदल करायला हवा. आणि टपाली मतदानाची कायमची नोंद असली तरी पक्ष जाहीर केल्याशिवाय प्रायमरीची मतपत्रिका घरी येत नाही. मे महिन्यात 'माझी आलीच नाही' म्हणून फोन करणारे बहुतेक याच गटातले. नदीपलीकडे न्यूयॉर्कला बंद प्रायमरी आहे. तिथे पक्षाबाहेरच्या माणसाला प्रायमरीत मतच नाही, आणि पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियाही बंद. टेक्सस, जॉर्जिया, मिशिगन, व्हर्जिनियात पक्षाची नोंदच नसते, तिथे जाऊन मतपत्रिका मागायची.

अवांतर: न्यू जर्सीच्या प्रायमरीत वर्षानुवर्षं 'काउंटी लाइन' होती, म्हणजे पक्षसंघटनेचे लाडके सगळे एका ओळीत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली आणि पुढे कायदाच बदलला. आता नावं पदानुसार एकत्र असतात. त्यामुळे जुन्या सवयीने एक रकाना धरून खाली येऊ नका, प्रत्येक पदाचं नाव वाचा.

तुमची प्रायमरी अलीकडे जूनमध्ये होत आली आहे. तोवर राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल बहुधा लागलेला असतो. म्हणजे तुमचं मत कमी आणि तुमचा पैसा, फोन, लवकरच्या राज्यांतली ओळखीची माणसं जास्त कामाची. कटू आहे, पण हिशेब असाच आहे.

हडसनकाठ

तिघांचेही आभार. अण्णा, शेवटचं वाक्य झोंबलं.

दोन उपप्रश्न. एक: नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या पक्षाला मत द्यावं का, यावर आमच्यात हाणामारी होते. न्यू जर्सीत तसंही डेमोक्रॅट जिंकतो, मग तत्त्वाने मत द्यायला काय हरकत, असा एकाचा युक्तिवाद. दोन: बायको ग्रीन कार्डवर आहे, भाऊ एच-वन-बीवर. त्यांना देणगी किंवा प्रचारात मदत करता येते का?

अण्णा_आकडे

झोंबू द्या, आकड्यांना दयामाया नसते.

राष्ट्राध्यक्ष ठरवणारे राज्यांचे प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्य जिंकणाऱ्याला राज्यातले सगळे इलेक्टर. त्या दोन राज्यांत काही इलेक्टर डिस्ट्रिक्टनुसार जातात. ओमाहाच्या डिस्ट्रिक्टने २००८, २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटला एक इलेक्टर दिला, उरलेलं नेब्रास्का लाल (रिपब्लिकन) असूनही. तेव्हा तिसऱ्या पक्षाच्या मताची किंमत राज्यावर ठरते.

फ्लोरिडा, २०००: फरक ५३७ मतांचा, ग्रीन पक्षाच्या नेडर यांना ९७,४८८. विस्कॉन्सिन, २०१६: फरक २२,७४८, ग्रीन पक्षाच्या स्टाइन यांना ३१ हजार. त्याच वर्षी मिशिगन: फरक १०,७०४, स्टाइन यांना ५१ हजार. यावर नेहमीचं उत्तर असं की ही सगळी मतं डेमोक्रॅटला गेलीच असती असं कशावरून. बरोबर आहे, बरेच जण घरीच बसले असते. पण फ्लोरिडात नेडर यांच्या मतदारांपैकी शंभरातल्या एका निव्वळ मताने चित्र पालटलं असतं, एवढा तो फरक बारीक होता.

न्यू जर्सी 'सुरक्षित' म्हणताना जपून. २०२४ मध्ये हॅरिस इथे साधारण ६ टक्क्यांनीच पुढे होत्या. कॅलिफोर्नियातल्या माणसाने हा युक्तिवाद केला तर मी वाद घालणार नाही, तुमच्या मित्राशी घालेन.

न्यूयॉर्ककरांना मधला रस्ता आहे. तिथे एकाच उमेदवाराचं नाव दोन पक्षांच्या ओळीत येऊ शकतं. वर्किंग फॅमिलीज पक्षाच्या ओळीवर डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिलं तरी ते त्याच्याच खात्यात मोजतात, आणि पक्षाला मतपत्रिकेवर टिकायला लागणारा कोटाही भरतो (१,३०,००० मतं किंवा २ टक्के, जे जास्त असेल ते, दर दोन वर्षांनी). घोळ एकच होतो: लोक दोन्ही ओळींवर एकाच नावापुढे खूण करतात. मग मत उमेदवाराला मिळतं, पण लहान पक्षाच्या कोट्यात धरलं जाईल याची खात्री नाही. एकाच ओळीवर खूण करा. मेनमध्ये पसंतीक्रम असल्याने हा प्रश्नच मिटलाय.

कलमदोन

दुसऱ्या उपप्रश्नाचं उत्तर मी देतो, यात चूक महाग पडते.

देणगी: सिटिझन आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-वन-बी, एच-४, एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) वाले देऊ शकत नाहीत. केंद्रीयच काय, राज्य आणि गावपातळीच्या निवडणुकीतही नाही. भावाचे पैसे तुमच्या नावाने देणं हा वेगळा गुन्हा आहे, 'अरे, तुझ्या कार्डावरून दे, मी तुला झेल करतो' (म्हणजे झेल ॲपने पैसे पाठवतो) हे करू नका. २०२५-२६ मध्ये एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी मर्यादा ३,५०० डॉलर. प्रायमरी आणि सार्वत्रिक वेगळ्या धरतात. आकडा दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे बदलतो. एकूण २०० डॉलरच्या वर गेलं की नाव, पत्ता, व्यवसाय आणि कंपनीचं नाव एफईसीच्या (केंद्रीय निवडणूक आयोगाच्या) नोंदीत जाहीर होतं. ॲक्टब्लूमधून (डेमोक्रॅटिक उमेदवारांना ऑनलाइन देणगी पोचवणाऱ्या संस्थेमार्फत) दिलं तर पाच डॉलरचीही नोंद दिसते, कारण मध्यस्थ म्हणून ते प्रत्येक देणगी दाखवतात. ऑफिसात कोणाला कळू नये असं वाटत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

मदत: भाऊ विनामोबदला फोन करू शकतो, दारोदार जाऊ शकतो, मोहिमेची पत्रकं वाटू शकतो. पैसा कुठे खर्च करायचा अशा निर्णयात त्याने भाग घ्यायचा नाही. बायकोला या बाबतीत अडचण नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोघांनीही मतदार नोंदणीपासून लांब राहायचं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना बऱ्याच राज्यांत नोंदणीचा प्रश्न स्क्रीनवर येतो, काही ठिकाणी नोंदणी आपोआपच होते. घाईत 'हो' दाबलं गेलं तर नागरिक असल्याचा खोटा दावा होतो. केंद्रीय निवडणुकीत प्रत्यक्ष मत दिलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि देशाबाहेर काढलं जाण्याचं कारण. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात 'कधी नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का' हे स्पष्ट विचारतात. चुकून मतदार ओळखपत्र घरी आलंच तर फेकून देऊ नका. निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्या पत्राची आणि उत्तराची प्रत ठेवा, आणि एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

उजवीकडचा

+१. या शेवटच्या प्रतिसादावर तरी पक्षभेद नाही.